बघायला लागलं की मिजास उतरते

मुंबईत नम्रतेवरच्या भाषणांना तोटा नाही. शाळेच्या मूल्यशिक्षणात ती आहेत, कंपन्यांच्या लीडरशिप शिबिरांत आहेत, सोसायटीच्या गणपतीत बक्षीस समारंभाला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडीही आहेत. ऐकणारे माना डोलावतात आणि खाली उतरल्यावर वॉचमनला ‘ए, ती गाडी काढायला सांग’ म्हणून निघून जातात. यात ढोंग थोडंफार असेल. पण खरी गोची ही की आपण काही उर्मट बोललो हे त्यांना कळलेलंच नसतं, कारण समोरचा माणूस त्यांच्या नजरेत आलेलाच नसतो.

गर्विष्ठ माणूस म्हटला की आपल्यापुढे फुशारक्या मारणारा, नाकाने कांदे सोलणारा कोणीतरी येतो. तो लगेच ओळखू येतो, पाठीमागे त्याची टिंगल होते आणि त्याच्यामुळे कोणाचं फारसं अडत नाही. शहरातली रोजची मग्रुरी गुळगुळीत असते. ती ‘प्लीज’ म्हणते, दिवाळीला बक्षिसीही देते. दुसऱ्याचं काम आपल्याला ठाऊक आहे आणि त्यात ठाऊक असण्यासारखं फार काही नाही, एवढंच तिने गृहीत धरलेलं असतं. माझं म्हणणं असं की हिच्यावर उपदेश लागू पडत नाही, ठरवून बघण्याची सवय लागू पडते. ती सवय शिकता येते आणि ती कुठे फसते हेही सांगता येतं.

उपदेशाबद्दल इतकं ठाम बोलायला आधार आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमधला एक प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटंसं भाषण करायचं होतं. काहींचा विषय होता नोकरीच्या संधी. काहींना बायबलमधली, वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्या माणसाची गोष्ट दिली होती. जाण्याच्या वाटेवर एका दारापाशी एक माणूस खोकत, कण्हत पडलेला दिसेल अशी व्यवस्था केली होती. ‘अजून वेळ आहे’ असं सांगून पाठवलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी मदत केली, ‘उशीर झालाय, निघा’ असं सांगितलेल्यांपैकी १० टक्क्यांनी. भाषणाचा विषय कोणता होता, याने लक्षणीय फरक पडला नाही. परोपकारावर बोलायला निघालेले काही जण तर त्या माणसाला ओलांडून गेले.

घाईने नजर मरते, आणि मुंबईत घाईच घाई. पण एवढ्यावर थांबलं तर मुंबईकराला फुकटची सूट मिळते. कारण याच घाईत तो विलक्षण बारकाईने बघतोही. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये दोन बाकांमध्ये उभा राहिलेला माणूस बघा. बसलेल्या सहा-सात जणांपैकी कोण बोरिवलीला उठणार, हे त्याला अंधेरी जायच्या आत कळलेलं असतं. कोणी मोबाइल खिशात घातला, कोणाचा हात रॅकवरच्या बॅगेकडे गेला, कोणाची पावलं बाकाबाहेर वळली, सगळं तो टिपतो. लेडीज डब्यात तर ‘कुठे उतरणार?’ या एका प्रश्नावर पुढच्या तीन स्टेशनांचं वाटप होऊन जातं. म्हणजे कसब आहे, ते फक्त स्वतःच्या सीटपुरतं वापरलं जातं. जिथे आपलं काही अडत नाही तिथे बघण्याची गरज संपते.

आणि कोणाचं कोणावाचून अडतं, हे सत्तेवर ठरतं. घरकाम करणाऱ्या बाईला मालकिणीचा मूड दार उघडण्याच्या पद्धतीवरून कळतो, कळावाच लागतो. मालकिणीला बाई कोणत्या स्टेशनवरून येते हे दोन वर्षांनीही माहीत नसलं तरी चालतं. ऑफिसातला शिपाई साहेबांच्या पावलांचा आवाज ओळखतो. साहेबांना शिपायाचं आडनाव रजेच्या अर्जावर पहिल्यांदा दिसतं. ॲडम गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लोकांना स्वतःच्या कपाळावर रोमन लिपीतलं ‘ई’ काढायला सांगितलं होतं. आपल्या हाती सत्ता होती असा प्रसंग ज्यांना आधी आठवायला लावला, त्यांनी ते अक्षर समोरच्याला उलटं दिसेल असं काढण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास तिप्पट होतं. प्रयोग छोटा होता, त्यावर मोठे इमले बांधू नयेत. पण आपल्याकडे याचा पुरावा प्रयोगशाळेतून आणायची गरजच नाही. ज्या समाजात काही माणसांकडे न बघणं, त्यांना न शिवणं आणि त्यांचा कप वेगळा ठेवणं हे ‘संस्कार’ म्हणून शिकवलं गेलं, तिथे न बघण्याची सवय आपोआप लागलेली नाही. सर्व्हिस लिफ्टच्या दारावरची ‘घरकाम करणाऱ्यांनी व डिलिव्हरीवाल्यांनी हीच लिफ्ट वापरावी’ ही पाटी त्याच शाळेतली आहे. तिच्याखाली सही करणाऱ्या कमिटीतल्या माणसांना मात्र ती निव्वळ गर्दीच्या नियोजनाची वाटते, आणि त्यांना ते मनापासून वाटतं.

स्वतःची तपासणी करायला पाच प्रश्न पुरेत. तुमच्या इमारतीचा रात्रीचा वॉचमन लघवीला कुठे जातो? त्याची ड्यूटी किती तासांची आहे आणि बदली आला नाही तर काय होतं? कचरा नेणारा माणूस तुमच्या मजल्यावर कितीला येतो? फुटलेली काच तुम्ही डब्यात टाकता तेव्हा पुढे ती कोणाच्या हाताला लागते? तुमच्याकडे काम करणाऱ्या बाई पाणी कुठे पितात? उत्तरं येत नसतील तर वाईट वाटून घेऊन उपयोग नाही. कामाला लागावं.

सुरुवात माणसापासून करू नये, कामापासून करावी. रोज दिसणारं एक काम निवडायचं: कोपऱ्यावरची भाजीवाली, झेरॉक्सवाला, रस्ता झाडणारा पालिकेचा कामगार. बघायला जाण्याआधी घरी बसून ते काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं होतं हे आठ-दहा ओळींत लिहायचं. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ मध्ये दाखवलं होतं की कुलूप, चेन, संडासचा फ्लश अशा वस्तू कशा चालतात हे आपल्याला चांगलं कळतं असं लोक सांगतात, पण टप्प्याटप्प्याने समजावून सांगा म्हटलं की स्वतःच स्वतःला दिलेले गुण कमी करतात. माणसांच्या कामाबाबत मला यापेक्षा वाईट निकालाची खात्री आहे. भाजीवालीचा दिवस लिहून बघा, तिसऱ्या ओळीला पेन अडतं. माल दादरला सेनापती बापट मार्गावरून पहाटे आणला की वाशीच्या मार्केटमधून? टेम्पो एकटीचा की चौघींत मिळून? कोथिंबीर किती घ्यायची हे कशावरून ठरतं? बसायच्या जागेचे पैसे कोणाला जातात? उरलेला पालक रात्री कुठे राहतो? यातलं काहीच माहीत नसताना ‘वीसची जुडी? लुटता काय!’ हे वाक्य आपण किती आत्मविश्वासाने म्हणतो, ते त्या अडलेल्या पेनाकडे बघून ध्यानात येतं.

मग प्रत्यक्ष बघायचं, दहा मिनिटं. मोबाइल खिशात. आधी हात, मग पाय, मग तिची नजर कुठे कुठे जाते ते. चेहरा शेवटी. चेहरा आधी बघितला की आपण लगेच गोष्ट रचतो: दमलीय, चिडलीय, लबाड दिसते. हातांची गोष्ट रचता येत नाही, हात काय करतात तेवढंच दिसतं. घरी आल्यावर कागदाचे दोन रकाने करायचे. एकात ‘दिसलं’, दुसऱ्यात ‘वाटलं’. ‘कंटाळली होती’ हे दुसऱ्या रकान्यात. ‘तीन गिऱ्हाइकांत दोनदा मान चोळली’ हे पहिल्यात. पहिल्या वेळी बहुतेकांचा दुसरा रकाना भरतो आणि पहिला ओस पडतो. हे असंच व्हायचं, म्हणून एका वेळेवर काही ठरवू नये. आठवड्यातून दोनदा, एकाच कामासाठी दोन आठवडे. पहिल्या खेपेला गर्दी दिसते, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला क्रम दिसतो (सुटे आधी काढून ठेवणं, ओलं गोणपाट किती वेळाने उलटणं, ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी बाजूला ठेवलेली जुडी) आणि चौथ्या खेपेला तो क्रम कुठे मोडतो ते. मोडतो तिथेच कसब असतं.

खरं औषध तिसऱ्या खेपेला येतं. त्या वेळी उभं असतानाच पुढे काय होणार याचे तीन अंदाज मनाशी बांधायचे. हे गिऱ्हाईक घासाघीस करील, ती भाव उतरवणार नाही, आता ती टोमॅटोची पाटी पुढे घेईल. आणि बघायचं. अंदाज चुकत राहतात. आपल्याला माणसं कळतात असं मानणाऱ्याला हे जितकं बोचतं तितकं कोणतंही प्रवचन बोचत नाही, आणि हे बोचणं कोणी दुसऱ्याने केलेलं नसल्यामुळे रागवायलाही कोणी नसतं.

शेवटी एक प्रश्न विचारायचा. एकच, तोही गिऱ्हाईक नसताना आणि आधी काहीतरी विकत घेऊन. प्रश्न ‘कसं’चा असावा: ‘हे गोणपाट सारखं उलटता ते कशाला?’ ‘तुम्हाला इतका वेळ बसून त्रास होत नाही का?’ हा प्रश्न नव्हे, ती आपण रचलेली गोष्ट आहे आणि तिच्यावर समोरच्याची सही मागणं आहे. प्रश्नाची पायरी गाळू नये. ‘त्याच्या जागी स्वतःला ठेवून विचार करा’ हा सल्ला सगळेच देतात. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांतून तो तपासला. नुसतं स्वतःला दुसऱ्याच्या जागी कल्पून त्याच्या मनातलं अधिक अचूक ओळखता येत नाही, असं त्यांना आढळलं. त्यालाच विचारलं तेव्हा मात्र अचूकता वाढली. दुसऱ्याच्या जागी आपण जाऊन बसतो तेव्हा तिथेही बसलेले आपणच असतो.

हे सगळं बिघडतं कुठे? सर्वांत आधी टक लावण्यात. पुरुषाने एखाद्या स्त्रीकडे दहा मिनिटं बघत राहणं याला निरीक्षण म्हणत नाहीत, आणि मुंबईच्या बायकांना हा फरक कोणी समजावून सांगायला नको. म्हणून जिथे उभं राहायला आपल्याला कारण आहे तिथूनच बघावं: रांगेतून, काउंटरसमोरून, बसस्टॉपवरून. फोटो नाही, व्हिडिओ नाही, समोर वही काढणं नाही. दुसरी अडचण ‘बिचारी’ या शब्दाची. ती आली की समजावं, बघणं थांबलंय आणि आपण पुन्हा वरच्या पायरीवर चढलोय. त्यावर एक कोरडा उपाय आहे. दर खेपेला, हे काम आपल्याला दिलं तर आपण कुठे अडकू ती जागा लिहायची. सात गिऱ्हाइकांचा हिशेब तोंडी ठेवता येईल का? ओल्या मेथीची जुडी एका हाताने बांधता येईल का?

तिसरी अडचण उलट्या टोकाची, कौतुकाची. डबेवाल्यांचं काय झालं बघा. १८९० पासून चालत आलेली ही व्यवस्था, डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरं, आकडे यांचा संकेत, मधल्या स्टेशनांवर काही मिनिटांत होणारी वाटणी. त्यावर हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने केस स्टडी लिहिली, कंपन्यांनी त्यांना मॅनेजमेंटवर बोलायला बोलावलं, टाळ्या वाजवल्या. पण महिन्याला हाती काय पडतं, पन्नाशीनंतर डोक्यावर ओझं कसं पेलतं, करोनात डबे थांबले तेव्हा काय खाल्लं, हे त्या टाळ्यांत विचारायचं राहून गेलं. कौतुकही न बघण्याचा एक सुबक प्रकार होऊ शकतो. ‘मुंबई स्पिरिट’ हा त्याचाच थोरला भाऊ.

बाजारात जमलेलं बघणं सभेत न्यायचं तर पद्धत बदलावी लागते, कारण तिथे आपणही त्या दृश्यात असतो. सोसायटीची सभा घ्या. कागदावर चार रकाने: किती वेळा बोलले, किती वेळा दुसऱ्याचं बोलणं तोडलं, किती प्रश्न विचारले, दुसऱ्याने सुचवलेलं किती वेळा स्वतःचं म्हणून मांडलं. प्रश्न कशाला म्हणायचं? विचारणारा विचारून थांबला आणि उत्तराची वाट पाहिली तर तो प्रश्न. ‘तुम्हाला बायलॉज कळतात का?’ याची नोंद दुसऱ्या रकान्यात. महत्त्वाचं हे की स्वतःची मोजणी स्वतः करू नये. शेजाऱ्याने आपली करावी, आपण त्याची. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना घरातल्या कामांतला आपापला वाटा वेगवेगळा विचारला, तर दोघांच्या उत्तरांची बेरीज एकूण कामापेक्षा जास्त भरली. यात कोणी खोटं बोलत नसतं. आपण केलेलं आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपल्यासमोर घडलेलंच नसतं. कमिटीत दहा वर्षं राबलेल्या सेक्रेटरींना ‘सगळं मीच बघतो’ असं खरोखरच वाटत असतं, ते याच कारणाने.

आता हॉस्पिटल. १९८४ च्या एका अमेरिकी अभ्यासात ७४ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं, तर रुग्ण बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडत होते. ‘बोलू दिलं तर संपणार नाही’ ही त्यामागची भीती. स्वित्झर्लंडमध्ये २००२ मध्ये ३३५ रुग्णांना मधे न बोलता पुरतं बोलू दिलं, तर ते सरासरी ९२ सेकंदांत आपण होऊन थांबले. केईएम किंवा सायनच्या ओपीडीत दुपारी एक वाजता दीड मिनिटही चैनीचं असतं, हे खरं आहे. हातातला केसपेपर संपवण्याच्या घाईत असलेल्या निवासी डॉक्टरला गर्विष्ठ म्हणणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तिथे दोष डॉक्टरच्या स्वभावात नाही, माणसं कमी आणि रांग लांब या रचनेत आहे. घाईला मोकळं सोडून डॉक्टरांना सौजन्याचं प्रशिक्षण देणारे प्रिन्स्टनचाच प्रयोग पुन्हा करतायत.

ऑपरेशन थिएटरमध्ये मात्र बघणं नियमातच बसवता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीत चीर देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं, म्हणजे सिस्टरला ‘थांबा’ म्हणायचं झालं तर ती त्या खोलीत आधीच एकदा बोललेली असते. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पण कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांना ती लागू केल्यावर लक्षणीय फरक दिसला नाही, असं २०१४ चा अभ्यास सांगतो. यावरून यादी निकामी ठरत नाही. यादीवर बरोबरच्या खुणा मारणं आणि सिस्टरकडे मान वळवून तिचं ऐकणं, ही दोन वेगळी कामं आहेत आणि हुकूम फक्त पहिल्याचा काढता येतो.

या सगळ्यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. बघायला सांगता, पण शहरात बघणं तर वाढलंच आहे: लॉबीत कॅमेरे, गेटवर ॲप, बाई किती वाजता आली-गेली याची नोंद, जाताना पिशवीची तपासणी, वर तिला तारे देण्याची सोय. बरोबर आहे, आणि यातून कोणाची मिजास उतरलेली दिसत नाही, उलट चढली आहे. कारण पाळतीत बघणाऱ्याचे अंदाज कधी चुकतच नाहीत. तो चोरी शोधतो. सापडली तर ‘बघा, म्हटलं नव्हतं?’, नाही सापडली तर कॅमेऱ्यामुळे नाही झाली. फरक ओळखायला सोपी कसोटी आहे: या बघण्याने कोणाला वागणं बदलावं लागलं? फक्त बाईला बदलावं लागलं असेल तर ती पाळत. सोसायटीला काही बदलावं लागलं तरच त्याला मी निरीक्षण म्हणेन.

आणि बदलायचं म्हटलं की खर्च येतो. तिथे बरेच निरीक्षक गळतात. वॉचमनचंच उदाहरण घ्या. दोन आठवडे बघणाऱ्याला बारा तासांच्या ड्यूटीच्या शेवटच्या तीन तासांत त्याचं काय होतं ते दिसेल. विचारलं तर तो सांगेलही. बाराच्या दोन पाळ्यांऐवजी आठच्या तीन करायच्या तर गेटवर दोनऐवजी तीन माणसं लागतात. समजा एका माणसामागे महिना १८ हजार येतात आणि इमारतीत ६० घरं आहेत, तर प्रत्येक घराच्या मेंटेनन्समध्ये ३०० रुपये वाढतात. लॉबीतल्या नव्या झुंबराला यापेक्षा जास्त वर्गणी कुरकुर न करता दिली जाते. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते, आणि विषयपत्रिकेत नसलेला विषय ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून चहाबरोबर संपतो. म्हणून हा प्रस्ताव, आकडेमोडीसह, सेक्रेटरींकडे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि देण्याआधी वॉचमनला तो वाचून दाखवावा. आठ तासांची ड्यूटी झाली तर पगारही कापतील अशी धास्ती त्याला असू शकते. तसं असेल तर प्रस्तावात दर माणशी पगार तोच राहील हे वाक्य आधी घालावं लागेल.